उन्हाच्या देशात निवृत्ती: सीमाभागातून निघण्यापूर्वीची तयारी

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात, त्यामुळे इथल्या माणसाने उतारवयात ऊन शोधत परदेशी जावे हे ऐकणाऱ्याला आधी गमतीचे वाटते. मात्र ज्याने खानापूर, नंदगड, कणकुंबी पट्ट्यातला पावसाळा दम्याची छाती आणि सुजलेले गुडघे घेऊन काढला आहे, त्याला त्यात गंमत दिसत नाही. जूनपासून सप्टेंबर सरेपर्यंत भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत आणि डॉक्टर दर खेपेला कोरड्या हवेत जाऊन राहण्याचा सल्ला देतात. त्यातच मुलगा आखातात किंवा मुलगी युरोपात असली, तर हा सल्ला हळूहळू बेतात बदलतो. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले जवान व अधिकारी, मराठी शाळांतले शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेले कर्मचारी आणि निपाणी-संकेश्वरकडचे व्यापारी अशा अनेकांकडून हा विषय आता निघतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक मत मांडतो. देश निवडणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. घरचे कागद, घरची जमीन आणि घरचा पैसा हजारो किलोमीटरवरून सांभाळता येईल अशा स्थितीत आणणे हे खरे काम असून, त्याला दीड-दोन वर्षे सहज लागतात. म्हणून पुढील मांडणीत परदेशापेक्षा बेळगावातल्या कामांना जास्त जागा दिली आहे.

पहिले काम: उत्पन्नाचा हिशेब परक्या चलनात करणे

निवृत्तांना राहू देणारे बहुतेक देश एकच गोष्ट पाहतात. तिथे नोकरी न करता तुम्हाला दरमहा ठरावीक रक्कम मिळते का, हा त्यांचा प्रश्न असतो. शेतजमिनीची किंमत, बायकोचे दागिने किंवा टिळकवाडीतला बंगला यांना त्या हिशेबात फारसे स्थान नसते. निवृत्तिवेतन, व्याज, भाडे आणि लाभांश हे बँकेच्या उताऱ्यात दरमहा दिसले पाहिजेत.

एक उदाहरण घेऊ. पतीचे निवृत्तिवेतन ६० हजार रुपये आणि वरच्या मजल्याचे भाडे २० हजार, असे एका जोडप्याचे उत्पन्न ८० हजार रुपये आहे. बेळगावात एवढ्यात ते सुखाने राहतात. एक युरो १०० रुपयांचा धरला तरी हे ८०० युरो होतात. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसासाठी मुख्य अर्जदाराचे उत्पन्न त्या देशाच्या किमान वेतनाइतके लागते. ते २०२५ मध्ये ८७० युरो होते आणि दर वर्षी वाढत असते. जोडीदारासाठी त्याच्या निम्मी रक्कम आणखी दाखवावी लागते, म्हणजे दोघांसाठी सुमारे १,३०५ युरो. आपले जोडपे इथेच मागे पडते. स्पेनच्या निवासी व्हिसाची अट याहून कडक असून, तिथे एका माणसासाठी दरमहा २,४०० युरो दाखवावे लागतात.

दुसरा मुद्दा रुपयाच्या घसरणीचा आहे. २०१० च्या सुमारास डॉलर ४५-४६ रुपयांना मिळत असे, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. महागाई भत्ता भारतातल्या महागाईप्रमाणे वाढतो, तो डॉलरच्या भावाकडे पाहत नाही. म्हणून आजची अट जेमतेम पूर्ण होत असेल तर जाऊ नये. अटीच्या किमान दीडपट उत्पन्न असल्याशिवाय कायमच्या मुक्कामाचा विचार करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्याखालच्या उत्पन्नात पावसाळ्याचे दोन-तीन महिने बाहेर आणि उरलेले वर्ष घरी, हा मार्ग जास्त शहाणपणाचा आहे, आणि त्याला पुढची बरीचशी कागदपत्रे लागतही नाहीत.

दुसरे काम: देशांची छाननी

मराठी माणसाने पहिला विचार मॉरिशसचा करावा, असे मला वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या परकीयांना तिथे निवृत्त म्हणून दहा वर्षांचा निवास परवाना मिळू शकतो. त्यासाठी दरमहा दीड ते दोन हजार डॉलरच्या घरातली ठरलेली रक्कम परदेशातून तिथल्या बँकेत आणत राहावी लागते. अर्ज तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डामार्फत होतो, आणि चालू वर्षाचा आकडा त्याच बोर्डाच्या संकेतस्थळावरून घ्यावा, एजंटाच्या पत्रकावरून घेऊ नये. मुंबईहून विमान थेट जाते आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे असते. वाहने डाव्या बाजूने चालतात. कार्यालयीन कामे इंग्रजीत होतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या कोकण-साताऱ्याकडच्या कुटुंबांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवून घेतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. तरीही तिथल्या मराठी घरात रोजचे बोलणे क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत चालते, हे ध्यानात ठेवून जावे. सण आपले भेटतील, पण बाजारात आणि शेजारी क्रिओल किंवा फ्रेंच कानावर पडेल. घर विकत घेण्यास परकीयांना ठरावीक प्रकल्पांतच परवानगी असते आणि ते महाग पडते, म्हणून निवृत्तांनी तिथे भाड्यानेच राहावे.

थायलंड स्वस्त आहे आणि रुग्णालये चांगली आहेत. पन्नाशीनंतरच्या निवृत्ती व्हिसासाठी बँकेत आठ लाख बाथ किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते. अर्ज भारतातूनच करायचा असल्यास तीस लाख बाथ संरक्षणाचा आरोग्य विमाही लागतो, आणि वय सत्तरीकडे झुकले असेल तर हा विमाच खरा अडथळा ठरतो. व्हिसा दर वर्षी वाढवून घ्यायचा, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा आणि देशाबाहेर जाताना परतीचा परवाना आधी काढायचा. तो न काढता बेळगावी लग्नाला आलात, तर व्हिसा संपुष्टात येतो. जमीन परकीयांच्या नावावर होत नाही, इमारतीतला फ्लॅट घेता येतो. २०२४ पासून, वर्षात १८० दिवस किंवा त्याहून अधिक राहणाऱ्याने परदेशातून तिथे आणलेले उत्पन्न करपात्र धरले जाते.

पोर्तुगालचे आकर्षण आपल्याकडे गोव्यामुळे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते, आणि बेळगाव-खानापूर भागात गोव्याची मुळे असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. पण निवास व्हिसा आणि नागरिकत्व या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसावर राहणारा भारतीयच राहतो. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार भारतीय नागरिकत्व संपते. मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढता येते, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांच्या गोव्यातल्या जन्मदाखल्याच्या जोरावर साठाव्या वर्षी पासपोर्ट बदलणे, आणि तेही घरी ऊसशेती असताना, मला मुळीच पटत नाही. डी-७ व्हिसावर गेल्यास तिथला कर क्रमांक, बँक खाते आणि वर्षभराचा भाडेकरार आधी करावा लागतो, आणि पुढे सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिल्यास परवान्यावर गंडांतर येऊ शकते. म्हणजे निम्मे वर्ष बेळगावी घालवण्याचा बेत तिथे बसत नाही. नव्याने येणाऱ्यांना पूर्वी मिळणारी कराची मोठी सवलतही २०२४ पासून बंद झाली आहे.

संयुक्त अरब अमिरातीत ५५ वर्षांनंतर पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा आहे, प्राप्तिकर नाही आणि मराठी माणसांची वस्ती भरपूर आहे. पण त्यासाठी लागणारी ठेव किंवा मालमत्ता दहा लाख दिरहॅमच्या पातळीवरची असते. मलेशियाची दीर्घ निवासाची योजना २०२४ च्या बदलानंतर सर्वसाधारण श्रेणींत दीड लाख डॉलरच्या मुदत ठेवीपासून सुरू होते आणि त्यात घर घेणेही आले, म्हणून पेन्शनरांच्या दृष्टीने तिचा विचार सोडून द्यावा.

तिसरे काम: वाईट महिन्यात जाऊन राहणे

पर्यटनाच्या मोसमात सगळेच देश सुंदर असतात. म्हणून चाचणी मुक्काम मुद्दाम अडचणीच्या महिन्यात करावा. मॉरिशसला जानेवारी-फेब्रुवारीत जावे, कारण तेव्हा उकाडा आणि चक्रीवादळे दोन्ही असतात. दम्याच्या रुग्णाला तिथली दमट हवा मानवते का, हे तेव्हाच कळेल. उत्तर थायलंडमध्ये चिआंग माईला मार्चमध्ये राहून पाहावे, कारण त्या दिवसांत रान आणि शेतातला पालापाचोळा जाळल्याने आकाश धुराने भरते. पोर्तुगालला डिसेंबरमध्ये जावे. बाहेर ऊन असले तरी जुन्या घरांत उष्णतेची सोय नसल्याने घरात बाहेरपेक्षा जास्त थंडी वाजते. दुबईला जुलैत गेले की प्रश्न आपोआप निकाली निघतो.

या मुक्कामात हॉटेलात राहू नये. भाड्याची खोली घ्यावी, बाजारातून भाजी आणावी, दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासून घ्यावा आणि बिल जपून ठेवावे. ज्वारीचे पीठ, चिंच, गूळ कुठे आणि काय भावाने मिळते ते पाहावे. पती-पत्नींपैकी ज्याला इंग्रजी कमी येते, त्याने किंवा तिने एकट्याने बसने जाऊन यावे. बहुतेक जोडप्यांत परदेश आवडणारा एक आणि त्याच्यामागून जाणारी दुसरी व्यक्ती असते. निर्णय त्या दुसऱ्या व्यक्तीच्या अनुभवावर व्हावा.

चौथे काम: कागदांवरची नावे एक करणे

इथे सीमाभागातल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो आणि कारण आपल्या इतिहासात आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वीचा कागद मुंबई राज्याचा, त्यानंतरचा म्हैसूर राज्याचा आणि १९७३ नंतरचा कर्नाटकाचा. शहराचे नाव २०१४ पर्यंत बेलगाम, पुढे बेळगावी. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, जन्माचा दाखला कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत. मराठीतला 'त' एका कागदावर इंग्रजी 'टी' या एकाच अक्षराने लिहिलेला असतो, तर कन्नडवरून उतरवलेल्या कागदावर 'टी-एच'ने. त्यामुळे मारुती हा एकच गृहस्थ परदेशी अधिकाऱ्याला दोन वेगवेगळ्या राज्यांत जन्मलेली दोन माणसे वाटू शकतो.

स्त्रियांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. माहेरी कृष्णाबाई, लग्नात नाव बदलून सुनंदा, मधले नाव आधी वडिलांचे आणि मग पतीचे, आडनावही वेगळे. शाळेचा दाखला आणि आधार कार्ड यांत एकही शब्द जुळत नाही. जोडीदार म्हणून व्हिसा मिळवताना नेमका हाच दुवा सिद्ध करावा लागतो.

म्हणून एक मोठा तक्ता करावा. डावीकडे प्रत्येक कागदाचे नाव, पुढे त्यावरचे पूर्ण नाव अक्षर न् अक्षर, जन्मतारीख, जन्मगाव आणि राज्य. पासपोर्ट हा पाया धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवत न्यावेत: आधी आधार आणि पॅन, मग बँक, मग निवृत्तिवेतनाचा आदेश. सैनिकी निवृत्तिवेतन असेल तर स्पर्श या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीतली पत्नीची नोंद नीट पाहावी, कारण कुटुंब निवृत्तिवेतन पुढे तिच्याच नोंदीवर अवलंबून असते. जे कागद बदलता येत नाहीत, उदाहरणार्थ जुना शाळेचा दाखला, त्यांच्यासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे, आणि नाव पूर्णच बदललेले असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी.

विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र नसणे ही साठीच्या पिढीत सर्रास आढळणारी गोष्ट आहे. लग्नपत्रिका, फोटो आणि साक्षीदार घेऊन उपनिबंधक कार्यालयात जुन्या विवाहाचीही नोंद करता येते, ती सर्वांत आधी करावी. जन्माची नोंदच नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. वर्षाहून जुन्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही आणि तिला वेळ लागतो; पण निवृत्तीच्या अनेक व्हिसांना जन्मदाखला लागत नाही, पासपोर्ट पुरतो. आधी व्हिसाला लागणाऱ्या कागदांची यादी पाहावी, मगच त्यामागे लागावे.

कन्नड आणि मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावे. नंतर राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून दिलेला शिक्का, असा क्रम असतो. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. कराराबाहेरच्या देशांसाठी मात्र त्यांच्या दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो. स्पेन-पोर्तुगालसाठी पुढे त्या भाषेतले अधिकृत भाषांतर येते. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेमार्फत मिळतो, पण तो काही महिन्यांपुरताच ग्राह्य धरतात, म्हणून तो सर्वांत शेवटी काढावा.

पाचवे काम: पतसंस्थेतला पैसा बाहेर काढणे

बेळगाव जिल्ह्यात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि निवृत्तीची मोठी रक्कम जास्त व्याजासाठी तिथे ठेवण्याची सवय जुनी आहे. परदेशी जाणाऱ्याने ही सवय दोन कारणांसाठी मोडावी. पतसंस्थेची पावती दूतावासात उत्पन्नाचा पुरावा म्हणून सहसा चालत नाही, तिथे बँकेचे सहा-बारा महिन्यांचे उतारे मागतात. शिवाय बँकांतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत मिळणारे ठेव विम्याचे संरक्षण पतसंस्थांना नाही, आणि काही बिघडले तर परदेशातून मोर्चात सामील होता येत नाही. ठेवी जसजशा संपतील तसतशा राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणाव्यात. अर्जाच्या किमान वर्षभर आधी हे काम संपलेले असावे, कारण आदल्या महिन्यात अचानक आलेली मोठी रक्कम संशयाला जागा देते.

आता बाहेर पैसे पाठवण्याचे नियम. निवासी भारतीय एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतो, आणि पती-पत्नींची मर्यादा स्वतंत्र असते. वर्षाला दहा लाख रुपयांपुढे जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच गोळा करते. तो विवरणपत्रात परत मिळतो किंवा वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. म्हणून थायलंडसारख्या देशात ठेव करायची असल्यास ती मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत किंवा दोघांच्या नावांत विभागून पाठवावी.

अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलात की परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी ठरता. तेव्हा बँकेला कळवून साधी बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपयांतल्या खात्यांत बदलून घ्यावी लागतात. निवृत्तिवेतन, भाडे, ऊसबिल हे सगळे त्याच खात्यात जमा होईल. त्यातले चालू उत्पन्न कर भरून बाहेर नेता येते, आणि घर किंवा जमीन विकून आलेली रक्कम वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रमाणपत्रासह. या खात्याच्या व्याजावर ३० टक्के अधिक उपकर असा कर आधीच कापला जातो. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, वाढवता येत नाही. ज्या देशात जाणार त्याच्याशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे का आणि त्यात सरकारी निवृत्तिवेतनाविषयी काय म्हटले आहे, हे एकाच बैठकीत अकाउंटंटकडून लिहून घ्यावे.

सहावे काम: जमीन, घर आणि मृत्युपत्र

अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण निवासी असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली जमीन ठेवता येते. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. तेव्हा जायच्या आधी उताऱ्यावर नाव चढलेले असले पाहिजे. वडील जाऊन वीस वर्षे झाली तरी वारसा नोंद झालेली नाही आणि चार भावांची वाटणी तोंडी आहे, ही आपल्या भागात रोजची गोष्ट आहे. ही वाटणी नोंदणीकृत करून प्रत्येकाचा वेगळा उतारा काढून घेतल्याशिवाय विमानात बसू नये. भावाभावांत आज गोडी असेल तर काम आजच सोपे आहे.

जमीन कोणाला तरी वाट्याने लावून निघून जाण्याची कल्पना सगळ्यांना सुचते. कर्नाटकात १९७४ च्या दुरुस्तीनंतर शेतजमीन भाडेपट्ट्याने देण्यास मनाई आहे, सैनिक व नाविकांसाठीचा अपवाद सोडून. कसणाऱ्याच्या नावाने कागद करून ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. विश्वासू नातेवाइकाला देखभालीपुरते, मुदत घातलेले मुखत्यारपत्र उपनिबंधक कार्यालयात नोंदवून द्यावे आणि त्यात विक्रीचा अधिकार लिहू नये. परदेशात गेल्यावर मुखत्यारपत्र करायची वेळ आली तर भारतीय वकिलातीत साक्षांकन करून, ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते.

घर भाड्याने देताना भाडेकरूला एक गोष्ट समजावून सांगावी: मालक अनिवासी असेल तर भाडे कितीही कमी असो, भाडेकरूने ३० टक्के कर कापून सरकारकडे भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते आणि नोटीस आल्यावर वाद होतो. घर विकायचेच असेल तर निवासी असतानाच विकावे, कारण अनिवासी विक्रेत्याच्या किमतीतून खरेदीदाराला बराच जास्त कर कापावा लागतो. पण माझा सल्ला घर न विकण्याचा आहे, किमान पहिली तीन वर्षे. खानापूरकडचे कौलारू घर असेल तर मृगापूर्वी ते शाकारून घेणारा माणूस, त्याचे पैसे आणि जिन्याखालच्या कौलांचा साठा यांची व्यवस्था लावून जावी. एक पावसाळा दुर्लक्ष झाले की वासे कुजतात.

मृत्युपत्र दोन ठिकाणांचा विचार करून लिहावे. भारतातल्या मालमत्तेचे इथेच नोंदवावे. स्पेन-पोर्तुगालात वास्तव्य असताना मृत्यू झाल्यास वारसा साधारणपणे त्या देशाच्या कायद्याने ठरतो आणि तिथे मुलांचा वाटा सक्तीचा असतो. मात्र २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार मृत्युपत्रात आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडता येतो. ते एक वाक्य न लिहिल्यामुळे पत्नीला स्वतःच्या खात्यासाठी खेटे घालावे लागू शकतात.

सातवे काम: औषध आणि विमा

भारतातील आरोग्य विमा बाहेर गेलो म्हणून बंद करू नये. बहुतेक पॉलिसी भारताबाहेर उपयोगी पडत नाहीत हे खरे आहे, तरी सत्तराव्या वर्षी परतून नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेची रोकडरहित सोयही देशाबाहेर नाही. म्हणजे दोन हप्ते भरावे लागतील, एक तिथला आणि एक इथला, आणि हा खर्च पहिल्या कामातल्या हिशेबात धरायचा आहे.

रोजच्या गोळ्यांची यादी व्यापारी नावांनी न करता औषधाच्या मूळ नावांनी डॉक्टरांकडून छापील कागदावर, शिक्क्यासह घ्यावी. पाठदुखीसाठी आपल्याकडे सहज लिहून दिले जाणारे ट्रॅमाडॉल किंवा खोकल्यातले कोडीन आखाती देशांत नियंत्रित औषधांत मोडते आणि परवानगीशिवाय सापडल्यास गुन्हा ठरू शकतो. निघण्यापूर्वी दात, डोळे आणि गुडघे यांची कामे बेळगावातच उरकून घ्यावीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकून जाणारे लोक तिथले दर ऐकून पुन्हा विमानाचे तिकीट काढतात.

पोहोचल्यावरचे पहिले वर्ष

स्थानिक नोंदणी पहिल्या आठवड्यात करावी. थायलंडमध्ये घरमालकाने परकीय भाडेकरूची नोंद चोवीस तासांत करायची असते, ती केली का हे आपणच विचारावे, कारण ती नसल्यास पुढचे अर्ज अडतात. भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकवू नये; तो मोबाइलवरच्या चेहरा पडताळणीने किंवा वकिलातीतून देता येतो. आधारला जोडलेला भारतीय मोबाइल क्रमांक त्यासाठी चालू असला पाहिजे, म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंगचा लहान रिचार्ज न चुकता करावा. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि तो बंद पडला की सगळा पैसा समोर दिसत असून हाताला लागत नाही.

माणसांची सोय कागदावर लावता येत नाही. हरिपाठाची बैठक, सकाळचा कट्टा, चहाबरोबर वाचायचे बेळगावचे वर्तमानपत्र या गोष्टी पहिल्या सहा महिन्यांत फार आठवतात. तिथल्या मंदिरात किंवा मंडळात पाहुणा म्हणून न बसता काम मागून घ्यावे: हिशेब, स्वयंपाक, मुलांना मराठी शिकवणे, जे जमेल ते.

परतीचे नियमही आधीच वाचून ठेवावेत. वर्षभरात भारतात किती दिवस राहिलात याची पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून नोंद ठेवावी, कारण १८२ दिवस भरले की करासाठी तुम्ही पुन्हा निवासी ठरता, आणि भारतातील उत्पन्न १५ लाखांहून जास्त असेल तर ही सीमा १२० दिवसांवर येते. अनेक वर्षे अनिवासी राहून कायमचे परतणाऱ्यांना काही काळ मधला दर्जा मिळतो, ज्यात परदेशातील उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. परत आल्यावर एनआरओ खाती पुन्हा साधी करून घ्यावीत आणि तिथे साठवलेला पैसा परकीय चलनातच ठेवायचा असल्यास बँकेत आरएफसी खाते उघडावे.